गच्चीवरची भाजी आणि रोजची हजेरी

प्रश्न असा आहे: पुण्यातील एका दुमजली घराच्या गच्चीवर सुमारे ३०० चौरस फूट मोकळी जागा आहे आणि घरामागे कुंपणाच्या भिंतीलगत चार फूट रुंदीची मातीची पट्टी आहे. चौघांच्या या कुटुंबाने गेल्या दिवाळीनंतर मोठ्या हौसेने २० कुंड्यांत टोमॅटो, ढोबळी मिरची, भेंडी आणि फ्लॉवर लावला. जानेवारीअखेर थोडे टोमॅटो मिळाले, फेब्रुवारीत भेंडीची पाने पिवळी पडली, मार्चमध्ये टोमॅटोची फुले गळू लागली आणि एप्रिलमध्ये आठ दिवस परगावी जाऊन आल्यावर उरलेसुरले सगळे वाळून गेलेले दिसले. आपले नेमके काय चुकले, घरी भाजी पिकवणे परवडते का आणि पुन्हा सुरुवात करायची झाल्यास ती कशी करावी, असे त्यांनी विचारले आहे.

मी गेली २२ वर्षे पुण्यातच, आधी भाड्याच्या घराच्या गॅलरीत आणि नंतर स्वतःच्या गच्चीवर, भाजी पिकवते आहे आणि आपण केलेल्या जवळजवळ सगळ्या चुका मी स्वतः करून बसले आहे. त्या अनुभवावरून आधीच सांगते की बागेचा आकार आपल्याकडे जागा किती आहे यावरून ठरवू नये. रोज किती वेळ गच्चीवर उभे राहता येईल यावरून तो ठरवावा. शोभेची झाडे चार दिवस दुर्लक्ष झाले तरी तग धरतात, भाजीचे तसे नसते. कोवळ्या शेंड्यावर सोमवारी दिसलेले दोन-चार मावे रविवारपर्यंत अख्खी फांदी झाकून टाकतात, आणि मोठी कुंडीसुद्धा उन्हाळ्यात एका दिवसात कोरडी पडते. माझ्या हिशेबाने १८ इंची १० ते १२ कुंड्यांना रोज २० मिनिटे लागतात, आणि रोज म्हणजे खरोखर रोज. रविवारी तीन तास काढून ती कसर भरून निघत नाही. आपल्या २० कुंड्या जागेच्या मानाने थोड्या होत्या, पण आपल्या सवडीच्या मानाने बहुधा जास्त होत्या.

आता एकेका पिकाचे पाहू. भेंडीचे पिवळे पान हातात धरून उन्हाकडे करावे. पानाच्या शिराच पिवळ्या होऊन त्यांचे जाळे दिसत असेल आणि मधला भाग हिरवा असेल, तर तो केवडा, म्हणजे पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा विषाणू. त्यावर औषध नाही आणि असे झाड दिसल्याच दिवशी उपटून टाकणे हाच उपाय आहे. उलट शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडत असेल, तर अन्नद्रव्य कमी पडते आहे किंवा मुळांशी पाणी साचते आहे आणि ते झाड वाचू शकते. बहुतेक लोक दोन्ही वेळा शेणखत घालून वाट पाहत बसतात, आणि तेवढ्या दिवसांत केवडा उरलेल्या भेंडीवर पोहोचतो. शिवाय आपल्याकडची भेंडी उन्हाळ्याची आणि पावसाळ्याची. दिवाळीनंतर लावली की थंडीत ती खुरटून बसते आणि खुरटलेल्या झाडाला कीड आधी गाठते.

टोमॅटोचे उलट झाले. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर जाऊ लागले की टोमॅटोचे परागकण निकामी होतात, फूल येते पण फळ न धरता देठाशी गळून पडते. हवामान खात्याचा आकडा सावलीतला असतो. सिमेंटच्या गच्चीवर, कठड्याच्या आतल्या बाजूला आणि काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत प्रत्यक्षात ताप त्याहून बराच अधिक असतो. म्हणून पुण्यात टोमॅटोचे बी ऑगस्टच्या अखेरीस रोपासाठी टाकावे, सप्टेंबरच्या शेवटी रोपे हलवावीत आणि डिसेंबर ते फेब्रुवारी फळे खावीत. दिवाळीनंतर बी टाकले की ऐन बहर मार्चच्या तोंडावर येतो. जानेवारीत मिळालेल्या फळांपैकी काहींच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग असेल, तर तो रोग नव्हे. पाणी कधी भरपूर आणि कधी अजिबात नाही असे झाले की फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही आणि तो डाग पडतो. अशा वेळी लोक अंड्याची टरफले घालतात. ती कुजायला कित्येक महिने लागतात, तेव्हा आधी पाण्याची वेळ सांभाळावी.

फ्लॉवरबद्दल मला थोडे कडक बोलावे लागेल. एक कुंडी तीन महिने अडवून ठेवून एक गड्डा देणारे आणि त्या तीन महिन्यांत अळ्यांना निमंत्रण देणारे पीक गच्चीवर लावण्यात मला काही अर्थ दिसत नाही. कोबीचेही तेच. हौस म्हणून मुलांना दाखवायला एखादे झाड ठीक आहे.

उन्हाचा विचार मात्र सविस्तर करायला हवा, कारण गच्चीवर ऊन भरपूरच असते असा समज असतो. शेतीत प्रयोग करणाऱ्या कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी आणि त्यांच्या ‘प्रयोग परिवार’ या प्रयोगशील शेतकऱ्यांच्या गटाने शेतीकडे सूर्यप्रकाश साठवण्याचे काम म्हणून पाहायला शिकवले. किती जमीन आहे यापेक्षा किती हिरवे पान किती वेळ उन्हात आहे, हा त्यांचा हिशेब होता. घरच्या बागेला तो तंतोतंत लागू पडतो. फळभाजीला निदान सहा तास थेट ऊन हवे, पालेभाजीचे तीन-चार तासांत भागते. पण ऊन वर्षभर एका जागी नसते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या कठड्याची सावली गच्चीवर लांबपर्यंत येते आणि कठड्याला चिकटवून ठेवलेल्या कुंड्या दिवसभर सावलीत राहतात. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो, तेव्हा उत्तरेच्या भिंतीलाही ऊन लागते. आपण खडूने हे मोजू शकता: महिन्यातून एकदा, सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि तीनला कठड्याच्या सावलीची कड गच्चीवर आखावी. वर्षभराच्या त्या रेघा पाहिल्या की कुंडी कुठे ठेवायची हे कोणाला विचारावे लागत नाही.

गच्चीवर सरसकट माती पसरायचा विचार असेल तर आधी वजनाचे गणित करावे. एक चौरस मीटर जागेवर एक फूट ओली माती म्हणजे जवळपास ५०० किलो, आणि भारतीय मानकांत माणसांच्या वावराच्या गच्चीसाठी धरलेला भार चौरस मीटरला सुमारे १५० किलो आहे. म्हणून वाफे भिंतींवर किंवा तुळयांवर यावेत, उथळ असावेत, आणि त्यांत मातीपेक्षा कुजलेला पालापाचोळा अधिक असावा. मी एक भाग लाल माती, एक भाग शेणखत आणि दोन भाग अर्धवट कुजलेला पाला असे मिश्रण वापरते. ते हलके होते, पाणी धरून ठेवते आणि आठ-नऊ इंच खोलीतही मेथी, पालक, मुळा, कांद्याची पात उत्तम येते. कोणताही वाफा थेट फरशीवर टेकवू नये, खाली विटा ठेवून पाण्याला वाट द्यावी. पहिल्या वर्षी मी हे केले नाही. जुलैच्या एका रात्री खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या छताला बशीएवढा ओला डाग पडला, आणि पुढचे दोन महिने माझी सगळी कोथिंबीर त्यांच्याकडे पोहोचवण्यात गेली. गच्चीचे वॉटरप्रूफिंग बागेच्या आधी तपासून घ्यावे. नंतर ते करायचे म्हणजे सगळी बाग उचलावी लागते.

परवडते का, याचे प्रामाणिक उत्तर असे की पैशांत मोजले तर पहिली दोन वर्षे परवडत नाही. कुंड्या, खत, बी, मांडवाचे बांबू आणि सुरुवातीची फसलेली पिके यांचा खर्च धरला तर आपला टोमॅटो मंडईतल्या टोमॅटोपेक्षा कितीतरी महाग पडतो. बटाटा, कांदा, कोबी ही पिके शेतकऱ्याकडूनच घ्यावीत. ती तो आपल्यापेक्षा चांगली पिकवतो. घरच्या बागेची कमाई वेगळ्या ठिकाणी आहे. जे तोडल्यावर तासाभरात मान टाकते, जे एका वेळी चिमूटभरच लागते आणि जे बाजारात सहजासहजी मिळत नाही, ते घरी लावावे. मिरचीची चार झाडे, कढीपत्त्याचे एक आणि गवती चहाचा एक गड्डा एवढ्यानेच घरातल्या किती फेऱ्या वाचतात ते पाहावे. एक चौरस मीटरच्या वाफ्यातून मेथी महिन्याभरात एक-दीड किलो निघते, आणि दर दहा दिवसांनी एक वाफा पेरत गेले तर हिवाळाभर ती विकत आणावी लागत नाही. एकाच दिवशी चार वाफे पेरले, तर मात्र एका आठवड्यात सगळ्या गल्लीला मेथी वाटावी लागते.

आणि मग चुका, चाकवत, राजगिरा, मायाळू, अंबाडी, लाल माठ, अळू. यांतल्या काही भाज्या मंडईत एखाद-दुसऱ्या मावशींकडेच दिसतात, आणि त्याही सकाळी लवकर गेले तर. जुन्या घरांत मोरीचे पाणी जिथे बाहेर पडे तिथे अळू हमखास असे, आणि त्यासाठी वेगळे पाणी कोणी घालत नसे. परसबाग ही आपल्याकडे गच्चीवर आलेली नवी हौस नाही, हे भाद्रपदात विशेष जाणवते. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, म्हणून त्या दिवसाची भाजी नांगराविना आलेल्या, परसात हाताने लावलेल्या जिनसांची करतात: अळू, लाल माठ, भोपळा, पडवळ, सुरण, मक्याची कोवळी कणसे. माझी सासू ही भाजी करताना एकेक जिन्नस कोणाच्या परसातून आला ते सांगत असे. माझ्याकडच्या भाजीत आता सात जिनसा गच्चीच्या आणि मागच्या पट्टीच्या असतात, आणि मका तेवढा विकतचा. गच्चीवर मक्याच्या दाण्यांवर पोपट माझ्याआधी बसतात.

चवीचा आनंद लोक फार वाढवून सांगतात असे मला पूर्वी वाटत असे. पण मटाराच्या बाबतीत त्यामागे साधे कारण आहे: शेंग तोडल्याबरोबर दाण्यातल्या साखरेचे पिठात रूपांतर होऊ लागते, आणि बाजारातला मटार आपल्यापर्यंत येतो तेव्हा दोन-तीन दिवसांचा झालेला असतो. घरचा मटार मुळात शिजवलाच जात नाही, तो गच्चीवरच संपतो. मला मात्र याहूनही आवडते ते दुधीचे काम. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते, त्या वेळी मधमाश्या परतलेल्या असतात, आणि चौथ्या मजल्याएवढ्या उंचीवर रात्रीचे पतंग फारसे येत नाहीत; म्हणून वेल फुलांनी भरूनही दुधी धरत नाही अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. सात वाजता बॅटरी घेऊन वर जावे. ज्या फुलामागे बोटाच्या पेराएवढा, लव असलेला हिरवा दुधी आधीच दिसतो ते मादी फूल. नुसत्या लांब देठावरचे नर. नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे वळवाव्यात आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच, दोनदा-तीनदा टेकवावा. तिसऱ्या दिवशी त्या इवल्या दुधीची मान खाली झुकून तो फुगू लागला तर काम झाले. पिवळा पडला तर दुसरे फूल पाहावे. दोडक्याचेही फूल संध्याकाळचेच. भोपळ्याची आणि काकडीची फुले सकाळची, आणि तिथे मधमाश्या ते काम बहुतेक करून टाकतात.

किडींबाबत एवढेच सांगते की फवारणीपेक्षा पान उलटून पाहण्याची सवय अधिक उपयोगी पडते, कारण मावा, पांढरी माशी, लाल कोळी हे सगळे पानाच्या मागे बसतात. मावा पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन निघतो. पिठ्या ढेकूण जुन्या टूथब्रशने काढावा. एवढ्यावर भागले नाही तर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि ते मिसळण्यापुरता भांडी घासायचा पातळ साबण घालून संध्याकाळी फवारावे. भर उन्हात फवारले तर पाने करपतात. कारल्याला आणि दोडक्याला फळमाशी डंख मारते, म्हणून कोवळ्या फळावर कागदाची पिशवी चढवणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. मागच्या पट्टीत पावसाळ्यात मोठ्या गोगलगायी येतील आणि एका रात्रीत सगळी रोपे फस्त करतील. गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट संध्याकाळी पसरून ठेवावे, पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा कराव्यात आणि मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. काम किळसवाणे आहे, पण दुसरे काही इतके लागू पडलेले मी पाहिलेले नाही. माकडांवर मात्र माझ्याकडे उपाय नाही.

आता पुन्हा सुरुवात करण्याविषयी. वैशाखात काहीही लावू नये. या दिवसांत एका चौरस मीटरच्या वाफ्याला मी रोज सहा-सात लिटर पाणी घालते, आणि टँकर मागवून पाणी पिणाऱ्या शहरात एवढे पाणी नव्या रोपांवर घालवणे मला पटत नाही. मे महिन्यात मी स्वतः बाग एक तृतीयांशावर आणते: कढीपत्ता, मिरची, गवती चहा, पुदिना आणि अळू एवढेच ठेवते, त्यांच्या कुंड्या जिन्याच्या सावलीत एकमेकींना खेटून लावते आणि मातीवर चार बोटे वाळलेल्या पाल्याचे आच्छादन घालते. सुट्टीत गावी जाताना एवढ्याच कुंड्या शेजाऱ्यांवर सोपवता येतात. २० कुंड्यांना रोज पाणी घाला असे आपण कोणाला सांगू शकत नाही.

आपल्या २० पैकी १० कुंड्या रिकाम्या करून त्यांत आतापासून खत तयार करावे. तळाशी नारळाच्या शेंड्या, त्यावर वाळका पाला, मग स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचा पातळ थर आणि त्याच्या दुपटीने पुन्हा पाला, असे भरत जावे. वास येऊ लागला तर पाला कमी पडतो आहे असे समजावे, आणि जाड, करड्या अळ्या दिसल्या तर घाबरू नये. त्या कचरा खाणाऱ्या असतात, झाड खाणाऱ्या नव्हेत. घाई असेल तर जीवामृताने काम लवकर होते: दहा लिटर पाण्यात अर्धा किलो ताजे शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर-शंभर ग्रॅम गूळ आणि बेसन आणि मूठभर जिवंत माती घालून दोन-तीन दिवस सावलीत ठेवावे आणि सकाळ-संध्याकाळ ढवळावे. वास शेजाऱ्यांपर्यंत जातो, हे आधीच सांगून ठेवते.

मृगाचा एखादा चांगला पाऊस झाला की मागच्या पट्टीत हळदीचे आणि सुरणाचे कंद लावावेत आणि आठ-नऊ महिने त्यांना विसरून जावे. हळद जानेवारी-फेब्रुवारीत निघेल, पण तिची पाने श्रावणात पातोळ्यांना आधीच उपयोगी पडतील. पट्टीच्या टोकाला, भिंतीला मूळ लागणार नाही इतके अंतर राखून, शेवगा लावावा आणि तो माणसाच्या उंचीवर दरवर्षी निष्ठुरपणे छाटावा. गच्चीवर जूनमध्ये भेंडी, एक दुधी आणि एक दोडका एवढ्यावर थांबावे. दुधीला मोठा ड्रम आणि भक्कम मांडव लागतो, त्यामुळे दोन वेलांची हाव धरू नये. पालेभाज्यांना पावसाचा मारा सोसत नाही, त्या सप्टेंबरपासून पेराव्यात. कोथिंबीर उगवत नाही ही तक्रार तेव्हाच येते. धने लाटण्याने हलके रगडून दोन भाग करून पेरावेत आणि दहा-बारा दिवस धीर धरावा.

बी घरचे धरावे, मात्र पाकिटावर संकरित असे लिहिलेल्या वाणाचे धरू नये, पुढच्या पिढीत ते मूळ झाडासारखे निघत नाही. दुधी वेलावरच पूर्ण वाळून आतल्या बिया खुळखुळेपर्यंत ठेवायचा असतो, म्हणून हंगामातला दुसरा किंवा तिसरा, सरळ वाढलेला दुधी बियांसाठी निवडावा आणि त्याच्या देठाला लाल दोरा बांधावा. दोरा बांधला तरी घरात सगळ्यांना तसे सांगूनही ठेवावे. आमच्याकडे बियांचा दुधी दोनदा कोफ्त्यांत गेलेला आहे.